कन्सल्टिंगमध्ये शिरायची माझी शक्यता किती? स्पष्ट सांगा

शेवटून_दुसरं_वर्ष:

नमस्कार. संख्याशास्त्र घेऊन पदवी करतोय, अजून एक वर्ष बाकी आहे. मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना धंद्याच्या प्रश्नांवर सल्ला देण्याच्या कामात, जायचं बऱ्याच दिवसांपासून डोक्यात आहे, पण आमच्या कॉलेजात मॅकिन्झी, बीसीजी, बेन या मोठ्या फर्मपैकी कोणीही भरतीला येत नाही. आमच्या विभागातून तिथे कोणी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गुण चांगले आहेत, वर्गात पहिल्या पाचात असतो. एका मालवाहतूक कंपनीत सुट्टीत इंटर्नशिप केली, तिथे एक्सेलवर डेटाचं काम होतं. विद्यार्थी मंडळाचा खजिनदार आहे. केस इंटरव्ह्यूचे (एखाद्या कंपनीचा प्रश्न देऊन तो समोर सोडवायला लावतात त्या मुलाखतीचे) व्हिडिओ बघतो, पण समोर बसून सराव कधी केलेला नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्यासारख्याला खरंच संधी असते का, की हे फक्त ठरावीक कॉलेजांसाठीच आहे? आधी एमबीए करणं भाग आहे का? आणि हातात असलेल्या वर्षभरात नेमकं काय करू? धीर देण्यासाठी गोड बोलू नका, जे आहे ते सांगा.

आकडेमोड:

फक्त तीन नावांवर अडून बसू नका, एवढंच सुचवतो. कर्नी, ऑलिव्हर वायमन, रोलँड बर्गर, एलईके या फर्मही धोरणाचंच काम करतात. शिवाय बिग फोरमधले (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या चार मोठ्या ऑडिट कंपन्यांमधले) स्ट्रॅटेजीचे, म्हणजे धोरणाचे, विभाग आहेत. मॉनिटर ही फर्म २०१३ मध्ये डेलॉइटकडे गेली, बूझ अँड कंपनी २०१४ मध्ये पीडब्ल्यूसीने घेतली आणि तिचं नाव स्ट्रॅटेजी-अँड झालं, त्याच वर्षी पार्थेनॉन ईवायकडे आली. म्हणजे काम बरंचसं तेच, पाटी वेगळी. मी अशाच एका विभागात आहे आणि माझ्या टीममधले निम्मे लोक ज्या कॉलेजांत कोणी भरतीला येत नाही, तिथले आहेत.

एक काळजी घ्या. 'ॲडव्हायझरी' असं लिहिलेल्या प्रत्येक जागेवर धोरणाचं काम नसतं. सॉफ्टवेअर बसवणं, नियमांची पूर्तता, ऑडिटला मदत, सगळं त्या एका शब्दाखाली येतं. अर्ज करण्याआधी त्या टीमने गेल्या वर्षी कोणत्या प्रकारची कामं केली ते आतल्या माणसाला विचारा.

निळी_शाई:

तुझं वय बघता सरळ 'तू'च म्हणते. मी वरच्या तीनपैकी एका फर्ममध्ये काही वर्षं होते. भरतीच्या हंगामात आलेले रेझ्युमे चाळायचं आणि मुलाखती घ्यायचं काम आम्हा कन्सल्टंट लोकांकडेच असायचं, क्लायंटचं काम सांभाळून. तेव्हा पलीकडच्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगते.

'शक्यता किती' या प्रश्नाला एक टक्केवारी देता येत नाही. मॅकिन्झीकडे वर्षाला दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि साधारण एक टक्का लोक घेतले जातात, हे आकडे छापून आलेले आहेत. पण त्यांनी तुला काहीच कळत नाही. त्या दहा लाखांत एका बटणावर अर्ज टाकून विसरून जाणारे आहेत आणि वर्षभर तयारी केलेलेही आहेत. वाट तीन टप्प्यांची आहे, रेझ्युमे, मग चाचणी, मग मुलाखती, आणि तुझी शक्यता प्रत्येक टप्प्यावर वेगळी आहे.

पहिला टप्पा तुला सगळ्यात जड जाणार. ठरावीक कॉलेजांसाठी फर्मची वेगळी टीम असते, वेगळी यादी असते, मुलाखतीच्या जागाही राखलेल्या असतात. बाकीचे अर्ज वेबसाइटवरून एका मोठ्या ढिगात येऊन पडतात. तो ढीग संध्याकाळी क्लायंटच्या ऑफिसातून परतल्यावर कोणीतरी थकलेला माणूस उघडतो आणि एका रेझ्युमेला मिनिटभर देतो, कधी तेवढंही नाही. त्या मिनिटात गुण, कॉलेज, कुठे काम केलं आणि त्यातून काही घडलं का, एवढंच बघितलं जातं. कॉलेजचं नाव अनोळखी असेल तर बाकीच्या ओळींवर जास्त भार येतो. हे न्याय्य आहे असं मला कधीच वाटलं नाही, पण आहे हे असं.

आता दुसरी बाजू ऐक, कारण ती तुझ्या कॉलेजातल्या मुलांना कोणी सांगतच नाही. तू मुलाखतीच्या खोलीत पोचलास की कॉलेजचं नाव जवळजवळ गळून पडतं. आम्हाला मुलाखतीनंतर जो तक्ता भरावा लागायचा त्यात प्रश्नाची मांडणी, आकड्यांवरची पकड, निष्कर्ष काढण्यातली समज, बोलण्यातली स्पष्टता, असे रकाने होते. कॉलेजचा रकानाच नव्हता. नामवंत कॉलेजातली कितीतरी मुलं त्या खोलीतून नकार घेऊन जायची.

म्हणून माझं म्हणणं असं की वर्षभराची ताकद सगळीकडे सारखी वाटू नकोस. बरीच मुलं सगळा वेळ केसच्या सरावात घालतात आणि त्यांचा रेझ्युमे कोणी वाचतच नाही. तुझी पहिली लढाई एकच आहे, तुझा कागद एका माणसाच्या हातात, नावानिशी पोचवायचा. याला रेफरल म्हणतात, म्हणजे आतल्या माणसाने तुझं नाव सुचवणं. तो वशिला नव्हे. रेफरलने नोकरी मिळत नाही. ढिगातला कागद बाहेर काढून कोणीतरी नीट वाचतं, एवढंच होतं. आणि तुला तेवढंच हवंय.

ते करायचं कसं? तुझ्या कॉलेजचे जुने विद्यार्थी शोध. कोणत्याही सालचे, कोणत्याही विषयाचे, कोणत्याही देशातल्या ऑफिसातले. 'आमच्यातलं कोणी गेलंच नाही' हे तू ऐकीव सांगतोयस. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव आणि फर्मचं नाव टाकून बघ. पदवी तुमच्याकडे, मग पुढे एमबीए करून आत गेलेला एखादा तरी निघतो. नाहीच निघाला तर तुझ्यासारख्या कॉलेजांतून आलेले लोक शोध. त्यांना स्वतःचे दिवस आठवतात, ते उत्तर देतात. त्यांना नोकरी मागू नकोस, काम समजून घ्यायला पंधरा मिनिटं माग. बहुतेक जण उत्तर देणार नाहीत आणि त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही, त्यांच्याकडे वेळच नसतो. जे देतील त्यांच्याशी नीट बोल. पुन्हा एकदा बोलणं झालं की मग रेफरलचं विचार.

फर्म विद्यार्थ्यांसाठी केस स्पर्धा आणि छोटे कार्यक्रम घेतात. त्यातले बरेच सगळ्या कॉलेजांना खुले असतात. तिथे नाव दे, कारण त्या खोलीत आमच्यासारखे लोक परीक्षक म्हणून बसलेले असतात.

चाचणीबद्दल फार लिहीत नाही. मॅकिन्झीची सॉल्व्ह नावाची खेळासारखी चाचणी आहे. तिच्या एका प्रकारात कोण कोणाला खातं हे बघून टिकेल अशी परिसंस्था उभी करावी लागायची. बीसीजीत चॅटबॉटवर केस सोडवायला देतात. स्वरूप सारखं बदलतं. संख्याशास्त्राच्या मुलाला ते अवघड जायचं कारण नाही, फक्त पहिल्यांदा बघून गांगरायला नको एवढा सराव कर.

एक सांग, त्या मालवाहतूक कंपनीत तू नेमकं काय केलंस? 'एक्सेलवर डेटाचं काम' यावरून मला काही कळलं नाही.

शेवटून_दुसरं_वर्ष:

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार, ताई. 

तिथे मी ट्रकच्या फेऱ्यांच्या नोंदी तपासत होतो. माल पोचवून गाडी रिकामी परत येते, त्याचं प्रमाण कोणीच मार्गनिहाय काढलेलं नव्हतं. मी काढलं. दोन मार्गांवर ते फारच जास्त होतं. एका मार्गावरची गाडी जिथे रिकामी व्हायची तिथूनच दुसऱ्या मार्गाचा माल सुटायचा, पण वेळ जुळत नव्हती. मी ते वरिष्ठांना दाखवलं, त्यांनी त्या दोन मार्गांचं वेळापत्रक जुळवलं. त्यानंतर तिथल्या रिकाम्या परतीच्या फेऱ्या ३८ टक्क्यांवरून २९ वर आल्या. रेझ्युमेत 'फेऱ्यांच्या डेटाचं विश्लेषण केलं' असं लिहिलंय.

आणि केसची तयारी कशी करू? एका सीनियरने फ्रेमवर्क, म्हणजे प्रश्नाचे भाग पाडायचे तयार साचे, पाठ करायला सांगितलंय.

निळी_शाई:

अरे, मग हे लपवून का ठेवलंयस? ज्या मिनिटाबद्दल मी बोलत होते ते मिनिट या ओळीने वसूल होतं. असं लिही: 'रिकाम्या परतीच्या फेऱ्यांचं प्रमाण मार्गनिहाय काढलं. त्यावरून दोन मार्गांची वेळापत्रकं जुळवली गेली आणि तिथल्या रिकाम्या फेऱ्या ३८ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आल्या.' यात तू काय पाहिलंस, त्यावर कोणता निर्णय झाला आणि पुढे काय बदललं, हे तिन्ही आलं. मात्र आकडे वापरण्याआधी त्या कंपनीला विचार, चालत नसेल तर 'सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या' असं लिही, अर्थ तोच राहतो. आणि निर्णय वरिष्ठांचा होता हे मुलाखतीत सरळ सांग. श्रेय वाढवून सांगितलेलं चौथ्या प्रश्नाला उघडं पडतं. खजिनदारपदाचंही तसंच, पद लिहून थांबू नकोस, त्या पदावर असताना तू काय वेगळं केलंस ते लिही.

हाच अनुभव तुला मुलाखतीतही कामी येणार आहे. मॅकिन्झीत प्रत्येक मुलाखतीचा एक भाग तुझ्या स्वतःच्या अनुभवावर असतो. त्यात एकच प्रसंग धरून बराच वेळ खोदतात. वरिष्ठ आधी काय म्हणाले, तू कसं पटवलंस, ते तयार झाले नसते तर काय केलं असतंस, वगैरे. बाकी दोन ठिकाणीही हे विचारतात, थोडं सैलपणे.

आता केस. मॅकिन्झीत मुलाखत घेणारा केसची सूत्रं स्वतःकडे ठेवतो, एकेक प्रश्न तोच विचारत जातो. बीसीजी आणि बेनमध्ये साधारणपणे पुढे कसं जायचं हे उमेदवाराने ठरवायचं असतं. सराव दोन्ही पद्धतींचा कर.

फ्रेमवर्कबद्दल तुझ्या सीनियरशी मी सहमत नाही. प्रश्नाचे भाग एकमेकांत न मिसळणारे आणि मिळून सगळं व्यापणारे असावेत, ही शिस्त चांगलीच आहे. बार्बरा मिंटो यांनी १९६० च्या दशकात मॅकिन्झीत असताना ती मांडली आणि आज सगळ्या फर्म ती पाळतात. पण पाठ केलेला साचा प्रश्न ऐकायच्या आत बाहेर पडला की समोरच्याला लगेच कळतं.

एक केस सांगते, मी मुलाखतीत वापरायचे ती. एका खासगी बस कंपनीचं उत्पन्न वाढलंय, नफा मात्र घसरलाय, तिकीट तेवढंच आहे. का?

बहुतेक मुलं कागदावर 'नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च' लिहायची आणि खर्चाखाली इंधन, पगार, दुरुस्ती, जाहिरात अशी फांद्यांची रांग काढत बसायची. एक मुलगी आली, इतिहासाची विद्यार्थिनी. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "तिकीट तेच असून उत्पन्न वाढलं म्हणजे प्रवासी वाढले. ते आहे त्याच बसमध्ये वाढले की बस वाढवल्या?" मी आकडे दिले. आधी १०० बस, फेरीला सरासरी ३० प्रवासी. आता १२५ बस, सरासरी २६. आधी उत्पन्न १०० धरलं तर खर्च ८०. खर्च बसच्या संख्येप्रमाणे वाढतो असं धर.

तिने मांडलं ते असं. आधी ३,००० प्रवासी, आता ३,२५०. म्हणजे उत्पन्न १०८ च्या वर थोडं. खर्च ८० वरून १००. नफा २० वरून ८ वर. इथपर्यंत बरेच जण येतात आणि 'खर्च कमी करा' म्हणून मोकळे होतात. ती पुढे गेली. ३० प्रवाशांना उत्पन्न १०० आणि खर्च ८०, म्हणजे बसचा खर्च निघायला २४ प्रवासी लागतात. नव्या २५ बस आल्या आणि प्रवासी वाढले फक्त २५०. म्हणजे नव्या बसमागे १०. सरासरी २६ दिसते म्हणून धंदा ठीक वाटतो, पण वाढवलेली प्रत्येक बस तोट्यात आहे.

मग ती थांबली आणि म्हणाली, "अजून एक कळायला हवं. नव्या बस रिकाम्या धावतायत की जुन्या बसचे प्रवासी त्यांनी ओढलेत? पहिलं असेल तर मार्ग चुकीचे निवडलेत. दुसरं असेल तर मार्ग बरोबर आहेत, फेऱ्या जास्त झाल्यात." हे ऐकल्यावर मी पेन खाली ठेवलं. कारण क्लायंटने सोमवारी काय करायचं ते या दोन उत्तरांत पूर्ण वेगळं आहे.

तिने एकही अवघड सूत्र वापरलं नाही. गुणाकार-भागाकार होते, तेही कागदावर. पण प्रत्येक आकडा आला की 'मग याचा अर्थ काय' हे तिने स्वतःहून विचारलं. सराव याचा करायचा. तुझ्या ट्रकच्या कामात तू हेच केलंयस, म्हणून मला तुझ्याबद्दल आशा वाटते.

सराव एकट्याने व्हिडिओ बघून होत नाही. समोर माणूस हवा, जो मध्येच अडवेल. जोडीदार कॉलेजबाहेरचा असला तरी चालेल, व्हिडिओ कॉलवर बस. तोंडी हिशोब मोठ्याने करायची सवय लाव. दुसऱ्याची मुलाखत घेऊनही बघ, त्यातून जितकं कळतं तितकं देऊन कळत नाही.

दुपारचा_वाचक:

सगळं पटलं. मात्र मुलाला एक बाजू माहीत असावी म्हणून लिहितो. माझी बायको या क्षेत्रात होती. आठवड्यातले चार दिवस क्लायंटच्या गावी, रात्री उशिरापर्यंत स्लाइड. ठरावीक काळात वरची पायरी गाठली नाही तर बाहेरचा रस्ता, हा या धंद्याचा जुना नियम आहे. आणि ऑफर मिळाली की सगळं झालं असंही नाही. २०२३ मध्ये मागणी मंदावली तेव्हा काही मोठ्या फर्मनी ऑफर दिलेल्या मुलांच्या रुजू व्हायच्या तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या होत्या. हातात दुसरा पर्याय ठेवा.

एमबीएबद्दल माझं मत, आधी दोन-तीन वर्षं कुठल्यातरी उद्योगात खरं काम करा, मग एमबीए करून त्या वाटेने जा. तेव्हा फर्म स्वतः कॉलेजात येतात.

निळी_शाई:

दुपारचा_वाचक, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे, आणि दुसरा पर्याय ठेवाच. कामाचे तास मीही भोगलेत. तरीही पहिल्या दोन वर्षांत मला जेवढे वेगवेगळे धंदे आतून बघायला मिळाले तेवढे कुठेच मिळाले नसते. ज्याला हे काम मनापासून आवडतं त्याने तासांना घाबरून आधीच माघार घेऊ नये असं वाटतं.

एमबीए आधी करणं भाग नाही. पदवीनंतरची पायरी वेगळी आहेच. मॅकिन्झीत तिला बिझनेस ॲनालिस्ट म्हणतात, बीसीजीत असोसिएट, बेनमध्ये असोसिएट कन्सल्टंट. एमबीएवाले त्याच्या वरच्या पायरीवर येतात. तेव्हा आत्ता प्रयत्न कर, नाही जमलं तर वाचकांनी सांगितलेली वाट खुलीच आहे. एकच लक्षात ठेव, नकार आला की बहुतेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून तयारी अर्धवट असताना नुसतं 'बघू तर' म्हणून अर्ज टाकू नकोस. आणि शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीतल्या इंटर्नशिपच्या तारखा आजच बघून ठेव. त्या फार लवकर बंद होतात, आणि कायमच्या जागांपैकी बऱ्याच आधीच्या इंटर्नमधूनच भरल्या जातात.

शेवटून_दुसरं_वर्ष:

लिंक्डइनवर शोधलं. आमच्या कॉलेजच्या एक मॅडम सापडल्या, रसायनशास्त्राच्या, बऱ्याच आधीच्या बॅचच्या. पुढे एमबीए करून आता कर्नीत आहेत. त्यांना हा मेसेज लिहिलाय, बघाल का?

'नमस्कार मॅडम. मी तुमच्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकतोय. सुट्टीत एका मालवाहतूक कंपनीत रिकाम्या परतीच्या फेऱ्यांवर काम केलं, तेव्हापासून या क्षेत्राची ओढ लागली. तुम्ही वाहतूक क्षेत्रातल्या क्लायंटसाठी काम केलंय असं प्रोफाइलवर दिसलं. अशा कामात पहिल्या वर्षी नेमकं काय करावं लागतं हे समजून घ्यायचं आहे. पंधरा मिनिटं देऊ शकाल का? सोबत रेझ्युमे जोडला आहे, योग्य वाटल्यास पुढे पाठवावा ही विनंती.'

निळी_शाई:

शेवटचं वाक्य आणि रेझ्युमे दोन्ही काढ. त्यांनी विचारल्याशिवाय तो जोडू नकोस. बाकी एक शब्दही बदलू नकोस, पाठव.